साडेअकरा घड्याळं

माझ्या पुतणीच्या घरी साडेअकरा घड्याळं आहेत. साडेअकरा वाजलेत असं मी म्हणत नाही. वास्तुशांतीत आलेली घड्याळं मोजली तर ती साडेअकरा भरतात. अकरा अख्खी. उरलेलं अर्धं एका फोटोफ्रेममध्ये आहे. चार फोटोंच्या चौकटीत एका फोटोची जागा अडवून ते बसलंय, म्हणून आम्ही त्याला अर्धं धरलं.

पाहुणे पांगल्यावर आम्ही घरचे सात-आठजण फरशीवर बसकण मारून कागद फाडत होतो. चौकोनी खोका हातात आला की उघडायच्या आधीच जावई गंभीर चेहऱ्यानं तो कानाला लावायचा आणि म्हणायचा, “टिकटिक.” वास्तविक आतून आवाज येत नव्हता, कारण एकाही घड्याळात सेल नव्हता. तरी तो पुन्हा पुन्हा बरोबर ठरत गेला. मध्येच एका चौकोनी खोक्यातून गणपती निघाला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गणपतींची संख्या मी सांगत नाही. देवाची मोजदाद करू नये.

ती सगळी घड्याळं भिंतीला ओळीनं टेकवून ठेवली. एकजात दहा वाजून दहा मिनिटं. दुकानात ती तशीच ठेवतात. काटे वर उचललेले असले की घड्याळ हसल्यासारखं दिसतं आणि मधलं कंपनीचं नावही झाकलं जात नाही. अकरा हसरे चेहरे आमच्याकडे बघत होते. हसण्यात थोडा छद्मीपणाही असावा, कारण ती टांगायची कशी हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. घर पुनावळ्याला, सतराव्या मजल्यावर. इमारत मायवानची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली. भिंतींत वीट नावालाही नाही, सगळं काँक्रीट. अशा भिंतीवर खिळा ठोकला तर खिळा नमस्कार करतो आणि भिंत तशीच राहते. तिथं हॅमर ड्रिल लागतं, बिट लागतो, गिट्टी लागते, स्क्रू लागतो. घड्याळ अकराजणांनी दिलं होतं. खिळा कुणीच दिला नव्हता.

आणखी एक गंमत मला तिथं बसल्या बसल्या सुचली. बूड टेकलेलं होतं ती फरशी गुजरातेतल्या मोरबीची, आणि समोरच्या घड्याळांतलीही बरीच मोरबीचीच. फरशा आणि भिंतीवरची घड्याळं हे दोन्ही धंदे त्या एका गावानं मांडलेत. एकाच गावाहून निघालेल्या दोन गोष्टी पुनावळ्यात सतराव्या मजल्यावर भेटल्या. एकीला जमीन मिळाली, दुसरीला भिंत मिळेना.

मी कुणाला नावं ठेवत नाही. मी स्वतः आयुष्यात किमान पंधरा घड्याळं दिली असतील. घड्याळ देण्यामागे एक पक्का हिशेब असतो. ते दिसतं मोठं, पडतं बेताचं, खोका चौकोनी असल्यामुळे कागद नीट बसतो आणि मुख्य म्हणजे विचार करावा लागत नाही. माणसाला आवडनिवड असते, घराला रंग असतो, पण वेळ सगळ्यांकडे सारखीच. शिवाय आपण दिलेलं घड्याळ ती मंडळी रोज बघतील आणि रोज आपली आठवण काढतील, अशी एक अंधुक आशाही असते. घड्याळाकडे बघून मला आजवर एवढंच आठवलंय की उशीर झाला.

पत्रिकेत “कृपया आहेर आणू नये” असं छापलं होतं. तसं छापलेलं असलं की माणूस हात हलवत जाऊ शकत नाही, आणि फार खर्चही करू शकत नाही. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात घड्याळ बरोबर बसतं. पाकीटही बसतं म्हणा. वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं पाकीट हा जगातला सर्वांत उपयोगी आहेर, यात वाद नाही. पण पाकिटातले पैसे त्याच संध्याकाळी केटररच्या हातात जातात. ज्यानं पाकीट दिलं त्यानं खरं म्हणजे स्वतःच्याच जिलबीचे पैसे भरले.

घर घेतलेल्या माणसाची दुपारची अवस्था तुम्ही पाहिली आहे का? सकाळी तो होमापाशी सोवळ्यात असतो, संध्याकाळी शेरवानीत. मधल्या दुपारी तो फक्त कर्जदार असतो. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, घर बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी. नोंदणी फी १ टक्का, ती मात्र ३०,००० रुपयांच्या वर जात नाही, एवढीच काय ती सरकारची माया. हे सगळं भरताना लाखाचा आकडा त्याच्या जिभेला शेंगदाण्यासारखा हलका होतो. आणि हाच माणूस हार्डवेअरच्या दुकानात शंभर रुपयांचा टेस्टर हातात घेतो, उलटसुलट करतो आणि “बघू नंतर” म्हणून परत ठेवतो. दिवाणखान्यातल्या छताला आतून दिवे लावायला त्यानं किती मोजले ते विचारू नका. पण मुख्य बटण पडलं की मोबाइलच्या उजेडात तो शेजाऱ्याची बेल वाजवतो.

हे सगळं आमच्या आत्यानं फार पूर्वी ओळखलं होतं.

आत्या रविवार पेठेत राहायची, बोहरी आळीच्या तोंडाशी. आसपासच्या बायका लक्ष्मी रोडवर साड्या बघायला जायच्या तेव्हा आत्या बोहरी आळीत कड्या, बिजागऱ्या आणि नायलॉनची दोरी बघायची. कुणाचं घर झालं की आमंत्रणाची वाट न बघता ती आधी एक चक्कर टाकून यायची. घर बघायला नव्हे, तपासायला. पाणी किती वाजता येतं, वरच्या फळीपर्यंत कुणाचा हात पोचतो, ओले कपडे कुठं जाणार, केर भरून ठेवायचा कुठं. हल्लीच्या फ्लॅटमधली ड्राय बाल्कनी तिनं पहिल्यांदा पाहिली तेव्हा “ही कोरडी?” एवढंच विचारलं. घरातल्या सर्वांत ओल्या जागेला हे नाव कुणी दिलं ते मलाही अजून कळलेलं नाही.

तिचं म्हणणं साधं होतं. “नव्या घरात सगळं असतं रे. लागतं ते नसतं.”

आणि याला तिच्याकडे धर्मशास्त्राचा आधारही होता. वास्तुशांतीत वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरतात. आता सतराव्या मजल्यावर खड्डा काढणार कुठं, खाली सोळाव्याचं छत आहे. म्हणून तिथली एक फरशी बसवायची ठेवतात आणि तिच्याखाली तो गृहस्थ जाऊन पडतो. आग्नेय म्हणजे बहुधा स्वयंपाकघर, ओट्याखालची जागा. तिथं पडल्या पडल्या तो घरातलं सगळं बोलणं ऐकतो आणि ऐकलेल्या प्रत्येक वाक्याला “तथास्तु” म्हणतो. म्हणून घरात वाईटसाईट बोलायचं नाही. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढवते. निघताना “जातो” म्हणत नाही, “येतो” म्हणतो. आत्यानं या यादीत स्वतःची भर घातली होती: नव्या घरात “नाही” म्हणायचं नाही.

आता बघा, नव्या घरात पहिल्या आठवड्यात हा शब्द किती वेळा उच्चारला जातो. कात्री आहे का? नाही. पायपुसणं? नाही. सुई-दोरा? नाही. कुलूप? नाही. कपड्यांचे चिमटे? अजून नाही. आणि प्रत्येक “नाही” ओट्याखाली ऐकू जातंय. वर “तथास्तु” उमटतंय. आत्याला हे सहन व्हायचं नाही. ज्या वस्तूपायी त्या घराला “नाही” म्हणावं लागेल ती वस्तू त्याच्या आधी तिथं पोचवायची, हा तिचा आहेर. ती कधी केरसुणी न्यायची, हळदकुंकू लावून. केरसुणी म्हणजे लक्ष्मी, तेव्हा हसायची कुणाची प्राज्ञा नव्हती. कधी गाळणं, कधी खुंट्यांची पट्टी. मेव्हण्याच्या घरी तिनं बादली आणि मग नेला होता. मेव्हण्याच्या आईला ते अपमानास्पद वाटलं. पण त्या रात्री मुक्कामाला तेरा माणसं होती, आणि सकाळी आंघोळीला त्या एकाच बादलीवर रांग लागली.

आम्ही १९९३ साली घर घेतलं तेव्हा ती एक स्टूल घेऊन आली. लाकडी, चौकोनी, कमरेएवढं. पीएमटीनं आली. कंडक्टरनं सामानाचं वेगळं तिकीट फाडलं आणि बसमध्ये उभ्यानं जागा नव्हती म्हणून आत्या दारापाशी स्वतःच्याच आहेरावर बसून आली. सगळ्यांसमोर तिनं ते हॉलच्या मध्यभागी ठेवलं. त्याच्यावर रंगीत कागद नव्हता, कारण स्टुलाला कागद गुंडाळला तरी ते स्टूलच दिसतं. पाहुणे हसले. मीही हसलो, आणि मनात ओशाळलो. मग फोटोग्राफर आला आणि सगळा आहेर एका चौकटीत येईना म्हणून तो त्याच स्टुलावर चढला. त्यामुळे आमच्या वास्तुशांतीच्या अल्बममध्ये सहा गणपती आहेत, चार लेमन सेट आहेत, एक भिंतभर समुद्रकिनारा आहे. स्टूल तेवढं कुठंच नाही. फोटो मात्र सगळे त्याच्यावरून काढलेले. पंखे त्याच्यावर चढून पुसले, गौरीच्या वेळी मखर त्याच्यावर चढून बांधलं, मुलगा त्याच्याखाली बसून रुसायचा. समुद्रकिनारा कधी आणि कुणाला देऊन टाकला ते आम्हा दोघांनाही आठवत नाही.

सुरी-कात्रीचं काय करायचं हा एक पेच होता. धारदार वस्तू भेट देऊ नये, नातं तुटतं, असं म्हणतात. आत्यानं यावर व्यापारी तोडगा काढला होता. ती विळी देत नसे, विकत असे. विळी पुढ्यात ठेवायची आणि हात पसरायचा: “सव्वा रुपया.” घरची बाई हसत हसत सव्वा रुपया द्यायची आणि व्यवहार पुरा. पुढं २०११ च्या जूनअखेर चार आण्याचं नाणं चलनातून गेलं. मग आत्यानं विळीचा भाव दोन रुपये केला. बारा आणे महागाई, म्हणायची.

आत्याला जाऊन आता दहा वर्षं होतील. तिच्या मागं आहेराची कला खालावली असं मी म्हणणार होतो, पण ते खरं नाही. ती फक्त सुगंधी झाली. तरुण मंडळी हल्ली सुवासिक मेणबत्त्या देतात. सुंदर असतात त्या. वीज गेली तरी लावायच्या नसतात म्हणे. पाण्यात वाढणारी, उन्हाशिवाय जगणारी, आठ दिवस विसरलं तरी न मरणारी झाडं देतात. त्यात काळजी कमी आहे हे कबूल, पण मग घरात झाड आहे हे तरी कशावरून कळायचं? तांबट आळीतला सुंदर मठारलेला हंडा एकानं दिला होता. त्याच्यावरचे एकसारखे ठोके बघून मला भरून आलं. पुतणीनं त्यात छत्र्या ठेवल्या. आधी वाईट वाटलं, मग विचार केला, सतराव्या मजल्यावर हंड्यात पाणी भरून कोण ठेवणार, आणि पावसाळ्यात ओल्या छत्र्यांना जागा लागतेच. आत्यानं मान डोलावली असती.

पुतणीच्या वास्तुशांतीत मला खरोखर आवडलेला आहेर एकच. त्यांच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर आले आणि त्यांनी दोनशे पानी वही दिली. साधी, शाळेची. पहिल्या पानावर घराचा ताबा मिळाल्याची तारीख स्वच्छ अक्षरात लिहिलेली. खाली एक ओळ: ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष लेखी कळवला, तर रेरा कायद्यानुसार बिल्डरनं तो तीस दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करून द्यायचा. दुसऱ्या पानावर प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार, लिफ्टवाला, पेपरवाला आणि “रात्री अकरानंतरही येतो” असा शेरा मारलेला कुलूपवाला, यांचे नंबर. तिसऱ्या पानावर प्रत्येक बाथरूमचा पाण्याचा कॉक कुठं आहे त्याचा नकाशा. चौथ्या पानावर ठळक अक्षरात मथळा: ‘ओल’. त्याखाली पान कोरं. पुढची सगळी पानं कोरी. हे गृहस्थ चार वर्षांपासून त्या इमारतीत राहतात.

तर अशा या परंपरेचा वारस म्हणून पुतणीला काय द्यायचं हे मी महिनाभर आधी ठरवलं होतं. एक पत्र्याची पेटी घेतली, झाकणाला कडी असलेली. स्वतः बोहरी आळीत गेलो. टेस्टर, पक्कड, पाना, डोकी बदलता येणारा स्क्रू ड्रायव्हर. मोजपट्टी. सहा मिलिमीटरचा बिट, मूठभर गिट्ट्या आणि तितकेच स्क्रू. टेफ्लॉनची टेप, काळी टेप, एम-सील. सुतळीचा गुंडा, सुई-दोरा, सेफ्टी पिना, काडेपेटी, दोन साध्या, वास नसलेल्या मेणबत्त्या. एक कुलूप, तीन किल्ल्यांचं. एक कात्री, जिचे दोन रुपये मी वसूल करणार होतो. दुकानदारानं सामान बांधता बांधता विचारलं, “काम काढलंय का घरात?” मी म्हटलं, “आहेर आहे.” त्यानं मला पाच टक्के सूट दिली, बहुधा दयेपोटी. ड्रिल मशीन मात्र परवडेना, ते माझं द्यायचं कबूल केलं. पेटीला बायकोनं सोनेरी कागद लावला. माझी हरकत होती, पण कागद लावल्याशिवाय ती पेटी घेऊन आलेला माणूस दुरुस्तीवाला वाटला असता, हे तिचं म्हणणंही खोटं नव्हतं.

आम्ही सकाळी आठला पोचलो. सव्वाआठला गुरुजींनी विचारलं, चौरंगाला केळीचे खुंट बांधायला सुतळी आहे का. पुतणीचं तोंड “ना” म्हणायला उघडलं एवढं मला दिसलं आणि मी सोनेरी कागद फाडला. मग थांबणं नव्हतंच. तोरणाला पिन हवी होती. फुलांचा गठ्ठा सोडायला कात्री हवी होती. काडेपेटी तर सगळ्यांत आधी. अख्ख्या घरात पाइपचा गॅस, लायटर, इंडक्शन, आणि होम पेटवायला एक काडी नाही. दूध उतू जायची वेळ आली तेव्हाच इंडक्शन आणि मिक्सर एकत्र चालू झाले, बटण पडलं आणि टेस्टरही बाहेर आला. साडेदहाच्या आत पेटी निम्मी रिकामी होती. तिच्यातल्या वस्तू साऱ्या घरभर पसरल्या होत्या आणि मी सोफ्याच्या कडेला बसून, न बोलता, प्रचंड खूश होतो. ओट्याखालच्या गृहस्थाला सकाळभर एकही “नाही” ऐकू गेलं नव्हतं.

संध्याकाळी, ती साडेअकरा घड्याळं मोजून झाल्यावर, पुतणीच्या सासूबाईंनी आहेराची वही वाचायला घेतली. कुणी काय दिलं, कुणाला पुढं काय द्यायचं, त्याची नोंद. अमुक, घड्याळ. तमुक, गणपती. पाकीट, पाचशे एक. घड्याळ. घड्याळ. आमचं नाव आलं. “काका-काकू”, आणि पुढं एक आडवी रेघ.

बायकोनं माझ्याकडे बघितलं. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही, म्हणजे काय बोलणार होती ते मला कळलं होतं. आपण रिकाम्या हातानं गेल्याचं आता वहीत लिहून राहिलं.

मी उदार माणूस आहे, पण रेघ मला लागली. पूर्वी ही सोय बरी होती. पितळेचं पातेलं किंवा स्टीलचा डबा दिला की भांड्याच्या दुकानातच बाकावर बसलेला माणूस त्यावर नाव घालून द्यायचा: कुणी, कुणाला, कशानिमित्त, तारीख. भांडं चुलीवर चढायचं, काळं व्हायचं, घासलं जायचं, पण नाव जायचं नाही. भाजी घेऊन शेजारी गेलेला डबा त्या नावामुळेच परत यायचा. उपयोग आणि मोठेपणा दोन्ही एकाच वस्तूत साधायचं. टेस्टरवर नाव कुठं घालणार? गिट्टी तर भिंतीत गेली की दिसतही नाही.

पुढच्या रविवारी ड्रिल मशीन घेऊन मी पुनावळ्याला गेलो. त्यांच्या सोसायटीत ड्रिलिंगची वेळ दहा ते एक. जावई स्टुलावर (नवं, घडीचं, त्यानं स्वतः आणलेलं), मी खाली, मोजपट्टी माझ्या हातात. काँक्रीटची धूळ खाली ठेवलेल्या आहेराच्या वहीवर पडत होती आणि मी ती पुसत नव्हतो. सतरा भोकं पाडली, त्यातली बारा कामाची. मग दोघांच्याही अंगात आलं. एक घड्याळ हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात, दोन्ही बेडरूममध्ये एकेक, असं करता करता आम्ही सगळीच टांगली. पाच तर ड्राय बाल्कनीच्या वाटेवर ओळीनं, विमानतळावर असतात तशी. फोटोफ्रेम देवघराशेजारी. घर एकदम पुतणीचं वाटायला लागलं. सगळीकडे दहा वाजून दहा मिनिटं.

पुतणी चहा घेऊन आली. तिनं सगळ्या घराला एक फेरी मारली, परत आली आणि सहज म्हणाली, “काका, तुमच्या त्या पेटीत सेल आहेत का हो?”

आम्ही स्वयंपाकघरात उभे होतो. ओट्याला टेकून.

ओठांशी आलेला शब्द मी चहाबरोबर गिळला, “आलोच” म्हटलं, चपला घातल्या आणि लिफ्टनं खाली वाण्याकडे गेलो. बारा पेन्सिल सेल मागितले. अकरा घड्याळांना अकरा, आणि अर्ध्यालाही अख्खाच लागतो.